ठाण्याहून पुण्याला कॉलेज बघायला: गाडी, घाट आणि ऑप्शन फॉर्म

मोबाइलवर गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ, यूट्यूबवरची एखादी कॅम्पस टूर आणि क्लासच्या सरांचं मत. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे मुलांची पुढची चार वर्षं ठरतात. फ्लॅट घ्यायचा तर आपण तीन-तीनदा जाऊन नळ सोडून बघतो, शेजाऱ्यांना पाण्याची वेळ विचारतो. कॉलेज मात्र प्रवेश पक्का झाल्यावर पहिल्यांदा दिसतं.

म्हणून माझं ठाण्या-नवी मुंबईतल्या दहावीपुढच्या प्रत्येक घराला आग्रहाचं सांगणं आहे: एक दिवस काढा, मुलाला किंवा मुलीला शेजारच्या सीटवर बसवा आणि कॉलेज बघून या. त्या दिवशी गाडी तुम्ही चालवा, प्रश्न त्यांना विचारू द्या. दिवसभरात जे कळेल त्यावरून ऑप्शन फॉर्ममधला, म्हणजे प्रवेशासाठी आपण कॉलेजं पसंतीने लिहून देतो त्या फॉर्ममधला, क्रम लावायचा, एवढ्यासाठीच हा प्रवास. मी इथे इंजिनिअरिंगचं उदाहरण घेतलं आहे. फार्मसी, आर्किटेक्चर किंवा कृषी असेल तरी पद्धत फारशी बदलत नाही.

आधी यादी, मग गाडी

मुंबईतली व्हीजेटीआय, एसपीआयटी किंवा नवी मुंबईतली कॉलेजं बघायला गाडी लागत नाही. मुलं लोकलने एकटी जाऊन येऊ शकतात आणि त्यांनी तसंच जावं. गाडी काढायची ती जिथे मूल घर सोडून राहणार आहे तिथे जायला. ठाणेकरांसाठी म्हणजे बहुतेक वेळा पुणे, काहींसाठी लोणेरे, नाशिक किंवा सांगली.

यादी करताना सीईटी सेलच्या, म्हणजे राज्यातली प्रवेश परीक्षा आणि प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या कक्षाच्या, संकेतस्थळावरचे मागच्या वर्षीचे कटऑफ फेरीनिहाय उतरवून घ्या आणि प्रवर्गाच्या कोडमधलं शेवटचं अक्षर नीट वाचा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाच्या बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. ठाणे जिल्ह्यातल्या कॉलेजातून बारावी झालेल्या मुलाचं होम युनिव्हर्सिटी मुंबई. त्यामुळे पुण्याच्या एखाद्या खासगी कॉलेजसाठी त्याने एचची ओळ बघून उपयोग नाही, त्याची ओळ ओची. पुण्यातला मामेभाऊ सांगतो तो आकडा आणि आपल्याला लागणारा आकडा वेगळा असतो तो यामुळे. मुलींसाठी कोड एलने सुरू होतो, तोही स्वतंत्र बघावा.

मग एका दिवसात दोनच कॉलेजं ठरवा. एक, जिथे लागलं तर सगळ्यांना आनंद होईल. दुसरं, जिथे लागण्याची शक्यता खरोखर जास्त आहे. लोक पहिलंच बघायला जातात आणि दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. खरं तर बघायचं ते दुसरंच, कारण बहुतेकांची चार वर्षं तिथे जाणार असतात. पुण्याचं सीओईपी हे जुनं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासूनची संस्था आहे, मुळा-मुठेच्या संगमाजवळचा तिचा परिसर बघून कुणाचंही मन भरेल. पण तिथल्या कॉम्प्युटरला पर्सेंटाइल ९९ च्या बरंच वर लागतं, हे घरातून निघताना माहीत असू द्या.

दिवस कोणता धरायचा

मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. शनिवारी सकाळी पुण्याकडे जाणारा एक्सप्रेसवे लोणावळ्याला निघालेल्यांनी भरतो, बोरघाटात तासभर सहज जातो आणि तिकडे पोचल्यावर कॉलेज अर्धं रिकामं मिळतं. तास चालू असलेलं कॉलेज बघायचं असतं. नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे-जून हे विद्यापीठाच्या परीक्षांचे दिवस, तेव्हा वर्ग बंद आणि मुलं वैतागलेली.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे अकरावीचा फेब्रुवारी. सीईटीचं ओझं अजून डोक्यावर आलेलं नसतं आणि बघून आल्यावर अभ्यासाला पूर्ण वर्ष हातात असतं. तो हुकला तर बारावीचा ऑगस्ट, एखाद्या युनिट टेस्टनंतर. क्लासवाले एक दिवसही बुडवू नका म्हणतील. बुडवा. प्रवेशफेऱ्या सुरू झाल्यावर जुलैत गेलात तरी चालेल, पण तेव्हा घाटात पाऊस आणि प्रवेश कक्षात रांग, दोन्ही गृहीत धरा.

पुण्यात आत्या-मावशी असेल तर तिला भेटून या, पण संध्याकाळी, सगळं बघून झाल्यावर. सकाळी नाश्त्याला थांबलात की घरातले चौघे चार कॉलेजांबद्दल आपापली मतं सांगतात आणि मूल ती मतं घेऊनच गेटवर उभं राहतं.

फोन मुलाने करायचा

चार-पाच दिवस आधी कॉलेजला फोन करायचा, आणि तो आई-बाबांनी नाही. "नमस्कार मॅडम, मी ठाण्याहून बोलतेय. बारावी सायन्सला आहे. गुरुवारी आईबरोबर कॉलेज बघायला येऊ का? कॉम्प्युटर आणि मेकॅनिकल डिपार्टमेंट बघायचंय, आणि गर्ल्स होस्टेलच्या रेक्टर मॅडमना भेटायचंय." बस, एवढंच. पहिल्या वाक्याला आवाज कापेल, तिसऱ्याला सुधारेल. समोरच्याचं नाव आणि वेळ लिहून घ्यायची. अनेक ठिकाणी सुरक्षारक्षक ओळखीशिवाय आत सोडत नाहीत, तिथे "अमुक मॅडमशी बोलणं झालंय" हे वाक्य कामाला येतं. दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवा.

आदल्या दिवशी

टायरमधली हवा, स्टेपनीसकट. एक्सप्रेसवे सिमेंट काँक्रीटचा आहे. हवा कमी असलेला किंवा झिजलेला टायर सलग वेगात तापतो आणि फुटतो. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे, पीयूसीची तारीख, पाण्याच्या बाटल्या, एक वही. शक्य असेल तर घरचा डबा.

रस्ता

ठाण्याहून निघताना कळंबोलीपर्यंत वेळेत पोचणं हेच मोठं काम. सगळ्यात सरळ वाट म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्ग, मुलुंड, ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भे आणि पुढे सायन-पनवेल महामार्ग. मुलुंड आणि ऐरोली नाक्यांवर मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. कळव्यातून विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जाणारा रस्ता जवळचा वाटतो, पण पावसात तिथे पाणी साचतं. मुंब्रा बायपास आणि शिळफाट्याची वाट कंटेनरच्या गर्दीची, ती शक्यतो नको. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी साडेपाचलाच निघावं. सहानंतरची दहा मिनिटं पुढे अर्ध्या तासाला पडतात. वाशी, नेरूळ, खारघरची मंडळी या बाबतीत सुखी आहेत, त्यांनी साडेसहाला निघालं तरी चालेल.

कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत एक्सप्रेसवे सुमारे ९४ किलोमीटर. मोटारींना सपाटीवर ताशी १०० आणि बोरघाटात ६० ची मर्यादा आहे, कॅमेरे आहेत आणि चलन थेट मोबाइलवर येतं. उजवी लेन ओव्हरटेकपुरती. घाटातल्या धुक्याचे आणि धबधब्यांचे फोटो काढायला रस्त्याकडेच्या शोल्डरवर कदापि थांबू नका, बंद पडलेल्या किंवा उभ्या गाड्यांवर मागून आदळून इथे माणसं गेली आहेत. थांबायचं तर घाट सुरू होण्याआधी खालापूरच्या फूड मॉलला थांबा. येताना घाट उतरायचा असतो, तेव्हा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून पकड जाते.

आणि हो, मूल कितीही मागे लागलं तरी १८ पूर्ण होऊन परवाना हातात येईपर्यंत स्टिअरिंग द्यायचं नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याबद्दल पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

किवळ्याला एक्सप्रेसवे संपला की दोन वाटा होतात. बिबवेवाडी, धनकवडीकडे जायचं तर वाकड, बाणेर, वारज्यावरून जाणारा बायपास. शिवाजीनगरला जायचं तर निगडी, पिंपरी, खडकीवरून जुना महामार्ग. नऊच्या आत वाकड ओलांडा, नंतर हिंजवडीची ऑफिसची गर्दी लागते. पुण्यात शिरल्यावर गाडी एका जागी लावून पुढचं फिरणं मेट्रोने केलं तर उत्तम. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण धावते आणि सिव्हिल कोर्ट स्थानकावर वनाज-रामवाडीची मार्गिका तिला मिळते. मूल पुण्यात राहायला गेलं की ते असंच फिरणार आहे, तुमच्या गाडीतून नाही.

लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ बघायचं असेल तर रस्ता वेगळा: पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. अंतर पुण्याइतकंच, ठाण्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण वेळेचा भरवसा धरू नका. इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठेत सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबतात आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर जाऊच नये. याची एक जमेची बाजू ठाणेकरांनी लक्षात ठेवावी. सकाळी दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी माणगावला थांबते, म्हणजे मुलाला घरी यायला-जायला रेल्वे आहे.

गाडीतलं बोलणं

घरात समोरासमोर बसवून "आता भविष्याबद्दल बोलू" म्हटलं की मुलं खोलीत निघून जातात. गाडीत दोघांचीही नजर रस्त्यावर असते, त्यामुळे अवघड विषय सोपे जातात. मात्र पनवेल येईपर्यंत काही काढू नका. मुलांना पहाटे बोलायला आवडत नाही, त्यांची गाणी लावू द्या.

सगळ्यात आधी पैशांबद्दल बोला, आणि खरे आकडे सांगून. वर्षाला आपण किती देऊ शकतो, कर्ज काढलं तर हप्ता किती बसेल, धाकट्याचं शिक्षण कधी सुरू होतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे समजतं. न सांगितल्यामुळे ती भलताच अंदाज बांधतात: एक तर पैशांची काळजीच नाही असं समजतात, किंवा आपल्यामुळे घर अडचणीत येईल म्हणून चांगला पर्यायच लिहीत नाहीत. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या संकेतस्थळावर ती बघता येते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या (शुल्कमाफी योजनेच्या) जागा आहेत, त्यात शिक्षण शुल्क माफ होतं. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत २०२४ पासून मिळते. नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधतेचे कागद कुठवर आलेत, याचाही हिशोब इथेच करून टाका.

नंतर एक प्रश्न विचारून गप्प बसायचं: "तुला घरापासून लांब राहावंसं वाटतं का?" हो आलं तर रागवायचं नाही, नाही आलं तर हसायचं नाही. माझी लेक या प्रश्नावर खालापूर येईपर्यंत काही बोलली नव्हती. मग म्हणाली, "आई, मला जायचंय, पण शुक्रवारी घरी येता आलं पाहिजे." या एका वाक्याने आमच्या यादीतली तीन नावं गळाली.

गेटच्या आत

आत शिरल्यावर पालकांनी दोन पावलं मागे राहायचं. वही मुलाच्या हातात.

सुरुवात प्रवेश कक्षापासून होईल, तिथे चकचकीत माहितीपुस्तिका मिळेल. ती घ्या आणि पिशवीत टाका. प्लेसमेंटचं पान उघडून दाखवतील तेव्हा मुलाने तीन गोष्टी विचाराव्यात. या शाखेतल्या किती मुलांनी नाव नोंदवलं आणि त्यातल्या किती जणांना नोकरी लागली? सगळ्यात मोठं पॅकेज राहू द्या, मधल्या मुलाला किती मिळालं? आणि मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांना त्यांच्या विषयातली नोकरी लागली की सगळे सॉफ्टवेअरमध्ये गेले? उत्तर देताना समोरचा माणूस कागद बघतो की छताकडे, तेही टिपून ठेवावं.

मग प्रयोगशाळा. यंत्रं किती नवी आहेत यापेक्षा त्यांच्यावर कुणी काम करतंय का ते बघा. वर्कशॉपमधल्या लेथवर ताजा कीस पडलेला असला, कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलं बसलेली असली, तर ती जागा वापरात आहे. झाकणं घातलेली यंत्रं तपासणी समितीसाठी असतात. लायब्ररीत रीडिंग हॉल रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारा आणि परीक्षेच्या काळात जागा मिळते का, हे तिथे बसलेल्या मुलाला विचारा.

खरी माहिती कँटीनमध्ये किंवा गेटबाहेरच्या टपरीवर मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं तिथे मोकळेपणाने बोलतात, पण पालक शेजारी असतील तर नाही. म्हणून इथे मुलाला अर्धा तास एकटं सोडा आणि तुम्ही लांब जाऊन चहा घ्या. त्याने विचारायचं: सर-मॅडम तास घेतात का? डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) किती कडक आहे? सबमिशनच्या आठवड्यात काय होतं? पहिल्या वर्षी किती जणांना केटी लागते, म्हणजे विषय राहतात? रॅगिंग होतं का, झालं तर कुणाकडे जायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रवेश कक्षातही मागा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर नोटीस बोर्डवर ठळक लावलेला दिसला तर चांगली खूण.

प्रवेशाच्या दिवसांत गेटवर कुणी येऊन "संस्थेच्या कोट्यातून करून देतो" म्हणालं, तर थांबू नका. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. संस्थास्तरावरच्या जागांनाही अर्ज आणि गुणवत्ता यादी असते, चौकशी थेट कॉलेजच्या कार्यालयात करायची.

राहणं आणि जेवण

कॉलेज बघून पालक खूश होतात आणि होस्टेल न बघता परत फिरतात. दिवसातले आठ तास कॉलेजचे, उरलेले सोळा कुठे जाणार?

पहिल्या वर्षाला होस्टेल मिळतंच का, हा पहिला प्रश्न. अनेक ठिकाणी खोल्या गुणवत्तेनुसार वाटतात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. खोली दाखवत नसतील तर निदान मजला बघा. बाथरूम बघा, पाणी किती वाजता येतं ते विचारा, खिडकीला जाळी आहे का बघा. मुलींच्या होस्टेलच्या परतीच्या वेळेबद्दल लेकीला रेक्टर मॅडमशी स्वतः बोलू द्या, कारण ती वेळ पाळायची तिला आहे. मेसमध्ये पैसे देऊन एक वेळचं ताट घ्या. पोळी, भाजी, वरण, भात जे असेल ते, आणि तेच दोघांनी जेवा. हॉटेलात जेवायला दुसरा दिवस आहे.

होस्टेल मिळालं नाही तर पुण्यात बहुतेक मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहतात. कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतल्या दोन-तीन जागा बघाच. डिपॉझिट किती, ते परत कधी मिळतं, वीजबिल वेगळं का, एका खोलीत किती कॉट, हे लिहून घ्या. तिथपर्यंतचा रस्ता मुलाबरोबर पायी चाला. जवळचं औषधाचं दुकान, दवाखाना, झेरॉक्स आणि डबा देणाऱ्या काकू सापडल्या की अर्धी काळजी मिटते. नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. त्यांच्या अटी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा.

निघण्याआधी एसटीचं बघून ठेवा. पुण्याचं शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. ठाण्याची गाडी तिथून पकडायची की स्वारगेटहून, आणि खोलीपासून तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे मुलाने त्याच दिवशी पाहून घ्यावं.

परतीची वाट आणि ती यादी

परत येताना पालकांनी आधी मत द्यायचं नाही. "मला तर दुसरं कॉलेज आवडलं" एवढं म्हटलं की मूल एक तर होकार देतं किंवा हट्टाने विरोध करतं, आणि दोन्हींत त्याचं स्वतःचं मत हरवतं. त्याला वही वाचून दाखवू द्या. दोन्ही कॉलेजांबद्दल आवडलेल्या दोन आणि खटकलेल्या दोन गोष्टी त्याने स्वतःच्या अक्षरात त्याच रात्री लिहाव्यात. दोन दिवसांनी लिहिलं तर सगळी कॉलेजं सारखी वाटायला लागतात.

हा कागद जपून ठेवा. जुलैत ऑप्शन फॉर्म भरताना तो समोर हवा, कारण क्रमाला फार किंमत आहे. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. २०२५ च्या प्रवेशांत दुसऱ्या फेरीसाठी हाच नियम पहिल्या तीन पर्यायांना आणि तिसऱ्या फेरीसाठी पहिल्या सहांना होता. तुमच्या वर्षीची माहितीपुस्तिका या मुद्द्यासाठी ओळ न ओळ वाचा. थोडक्यात, जिथे राहायची खरंच तयारी नाही असं नाव केवळ कटऑफ मोठा म्हणून वरच्या ओळींत लिहायचं नाही. आणि मनापासून हवं असलेलं नाव "लागणार नाही" म्हणून खालीही ढकलायचं नाही. क्रम पसंतीचा असतो, जागा मेरिटप्रमाणे मिळते.

फॉर्म मुलाने भरावा, पालकांनी शेजारी बसून कॉलेजचा आणि शाखेचा कोड मोठ्याने वाचून ताडून बघावा. नुसता सेव्ह केलेला फॉर्म विचारात घेत नाहीत, तो कन्फर्म करावा लागतो. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अडखळतं, म्हणून हे काम एक दिवस आधी उरका आणि कन्फर्म झालेल्या फॉर्मची पीडीएफ मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्याही ईमेलवर पाठवून ठेवा.